‘सर’ लागलेले शब्द : प्रस्तावना

डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या सोसायटीचा नामफलक वाचा. सरदेशमुख, सरदेशपांडे, सरनाईक, सरपोतदार, सरनोबत यांपैकी एखादं आडनाव त्यावर सापडण्याचा संभव मोठा. हे सगळे मुळात हुद्दे. देशमुखांवरचा तो सरदेशमुख. पोतदार म्हणजे खजिन्यातली नाणी पारखणारा, त्याच्या वरचा सरपोतदार. हुद्दे गेले, वतनं गेली, आडनावं राहिली. जुन्या कारभारी मराठीच्या अभ्यासात पाऊल टाकू पाहणाऱ्याने याच दोन अक्षरांपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. फारसी येत नाही, मोडी येत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. त्या दोन्ही गोष्टी पुढे ओघाने येतात.

फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं. संस्कृत ‘शिरस्’ आणि हा ‘सर’ एकाच कुळातले. पागोट्यावर लावायच्या ‘सरपेचा’त तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे. डोक्यावरून वरचा, मुख्य हा अर्थ आला आणि हुद्द्यांना जोडला गेला. मात्र ‘सर’ दिसला की तो हाच, असं धरून चालू नये. सरपण, शेतातला सरवा आणि प्यायचं सरबत यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. सरहद्द आणि सरंजाम त्याचेच, पण ते फारसीतून घडूनच आले. आपण जोडलेले नव्हेत.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार १७६०च्या सुमारास रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. ते पेशव्यांचे सरसुभेदार. सुभेदाराकडे एक सुभा, सरसुभेदाराची नजर अनेक सुभेदारांवर. एवढ्यावर थांबलो तर हा निव्वळ वसुलीवर देखरेख करणारा अधिकारी वाटेल. पण १७५५-५६मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत पेशव्यांची फौज घेऊन हेच रामाजीपंत उतरले होते. कोशातला अर्थ असा कागदपत्रांशी ताडून पाहावा लागतो, आणि अभ्यासाची खरी गोडी तिथेच आहे.

‘सरनोबत’ हा माझ्या मते या कुळातला सर्वांत मोलाचा शब्द. नौबत म्हणजे नगारा. सरनोबत म्हणजे सैन्याचा प्रमुख. नेताजी पालकर, प्रतापराव गुजर हे घोडदळाचे सरनोबत, येसाजी कंक पायदळाचे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी फारसी पदनामं बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती. रघुनाथ पंडितांचा राज्यव्यवहारकोश याच प्रयत्नातला. आता पुढचं पाहा. ‘सेनापती’त प्रमुखपण आधीच आहे, तरी मराठीने त्याला पुन्हा ‘सर’ जोडून ‘सरसेनापती’ केला. फारसी शब्द काढून बसवलेल्या संस्कृत शब्दाच्या डोक्यावर फारसी उपसर्ग! याला मी गोंधळ म्हणणार नाही. ‘सर’ परका आहे हे बोलणाऱ्यांच्या ध्यानीमनीही उरलं नव्हतं, याचा हा पुरावा आहे. सरचिटणीस, सरन्यायाधीश ही त्याच वाटेवरची पुढची नावं. हिंदी वर्तमानपत्रं जिथे ‘मुख्य न्यायाधीश’ लिहितात, तिथे आपली वर्तमानपत्रं देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशाला ‘सरन्यायाधीश’ म्हणतात आणि ‘मुख्य न्यायाधीश’ उच्च न्यायालयासाठी राखून ठेवतात. दोन अक्षरांनी केवढा फरक सांभाळला आहे!

हाताशी तीन कोश असावेत : मोल्सवर्थचा (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७), माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. अर्थ पाहून झाला की हुद्दा कुठला, हे विचारायला विसरू नका. शिवकाळात गडावरही सरनोबत असे, हवालदार आणि सबनीस यांच्या बरोबरीचा, एका गडापुरता. एखाद्या पत्रात ‘सरनोबत’ भेटला, तर तो फौजेचा की गडाचा, हे आधी ठरवा. मगच पुढची ओळ वाचा.