बाकावर बसलेलीं माणसें



उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे आमच्या नांदुऱ्यासारख्या लहान गांवांतही घरोघर एकच विषय निघतो : यंदा मुलांना घेऊन कोठें जावें ? पूर्वीं ह्या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. मामाच्या गांवीं जावें, नाहीं तर एखाद्या क्षेत्रीं जावें. आतां मुलांना आकाशाला भिडणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि अंधारांतून धांवणाऱ्या गाड्या हव्या असतात. आणि आईबापांनाही नाहीं म्हणवत नाहीं. अशा करमणुकीच्या उद्यानाची सहल कुटुंबानें कशी आंखावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. त्यामुळें कोणतीही गोष्ट मुळापासून सांगण्याची मला खोड जडली आहे. ती आपण सहन करावी. ह्या उद्यानांच्या इतिहासांतच सहलीचे बहुतेक नियम दडलेले आहेत, असें माझें मत आहे.

आमच्या वऱ्हाडांतील करमणुकीचें जुनें स्थान म्हणजे जत्रा. नांदुऱ्याहून आगगाडीनें निघून जलंब ओलांडलें कीं शेगांव येतें. हा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. गजानन महाराज शेगांवीं प्रकट झाले १८७८ सालीं, आणि त्यांनीं समाधि घेतली १९१० सालीं. म्हणजे क्षेत्र प्रसिद्ध होण्यापूर्वींच तेथें आगगाडी येऊन उभी होती. तिनें दूरदूरचे यात्रेकरू आणले. यात्रेकरूंच्या मागोमाग जत्रेंत नेहमीं दिसणारीं माणसेंही येतात : रेवड्या विकणारा, पिपाण्या विकणारा, बांगड्या भरणारा आणि रहाटपाळणेवाला. माझ्या लहानपणीं हा पाळणा लांकडी होता. चार पेट्या, प्रत्येकींत दोन-तीन मुलें, आणि तो फिरविण्यास दोन धट्टेकट्टे गडी. यंत्र नव्हतें, वीज नव्हती. पण पेटी वर जाऊन क्षणभर थांबली कीं सारी जत्रा पायांखालीं दिसे, आणि पोटांत जो गोळा येई तो आजच्या पाळण्यांतील गोळ्याहून कांहीं लहान नव्हता.

ह्या जत्रेची एक गोष्ट मात्र आपल्या लक्षांत येत नाहीं. तेथें प्रत्येकासाठीं कांहींतरी असे. आजीला दर्शन, आजोबांना बैलबाजार, आईला बांगड्या, वडिलांना रात्रींचा तमाशा, मुलांना पाळणा. सर्वांची करमणूक एक नसे, पण सर्वांची होई. १८८० सालीं विष्णुपंत छत्रे ह्यांनीं आपली सर्कस काढली; तिच्या तंबूंतही आजी आणि नातू एकाच फळीवर बसून एकच वाघ पाहत. करमणुकीला आलों आणि करमणूक न होतां बाजूला बसून राहिलों, असें जत्रेंत कोणाचें होत नसे.

आतां युरोपाकडे वळूं. डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथें, गेऑर्ग कार्स्टेन्सन नांवाच्या गृहस्थानें १५ ऑगस्ट १८४३ रोजीं शहराच्या वेशीबाहेर तिवोली नांवाचें उद्यान उघडलें. बाग, दिवे, संगीत, नाटक, खाण्यापिण्याचीं दुकानें आणि फिरते घोडे हें सर्व एका कुंपणांत आणून त्याला दार बसवावें आणि दारावर पैसे घ्यावे, ही कल्पना तेथें चांगली रुजली. तें उद्यान आजही चालू आहे. जत्रा येते आणि जाते. उद्यान जागचें हलत नाहीं. जत्रेला दार नसतें, उद्यानाला असतें. सहल आंखण्याची गरज येथूनच उत्पन्न झाली. ज्याला दार आहे त्याला वेळ आहे, दर आहे आणि नियम आहेत. ते आधीं न वाचणारा मनुष्य दारापाशीं ठेंच खातो.

पुढचें पाऊल अमेरिकेंत पडलें. १८९३ सालीं शिकागो येथें जगाचें मोठें प्रदर्शन भरलें. ह्याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, म्हणून तें साल आपणांस पाठ आहे. त्याच सालीं त्याच प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस ह्या पूल बांधणाऱ्या इंजिनियरानें आपला पोलादी रहाटपाळणा उभा केला. उंची २६४ फूट. आमच्या नांदुऱ्यास महामार्गालगत १०५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ति आहे. तशा अडीच मूर्ति एकीवर एक उभ्या केल्या तर त्या पाळण्याची उंची होईल. छत्तीस पेट्या, प्रत्येक पेटींत साठ माणसें. म्हणजे एका वेळीं दोन हजार एकशें साठ माणसें वर जात. दर माणशीं पन्नास सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकेच. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि पाळण्याचे वेगळे, ही रीत तेव्हांही होती.

ह्यानंतरची गोष्ट मी आपणांस मुद्दाम सांगणार आहें. चित्रपट काढणारा वॉल्ट डिस्ने हा सुटीच्या दिवशीं आपल्या दोन लहान मुलींना घेऊन लॉस एंजलिस येथील ग्रिफिथ पार्कांत जात असे. मुली लांकडी घोड्यांच्या चक्रावर बसत; आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांच्याकडे पाहत असे. त्यानें स्वतःच पुढें सांगितलें आहे कीं, आईबापांना आणि मुलांना मिळून जेथें आनंद घेतां येईल अशी जागा असावी, हा विचार आपणांस त्या बाकावर सुचला. त्या विचारांतून कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम गांवीं, एकशें साठ एकर संत्र्यांच्या बागांच्या जागीं, डिस्नेलँड उभें राहिलें. तें उघडलें १७ जुलै १९५५ रोजीं, रविवारीं. कंटाळलेल्या बापानें आपली जागा बदलावी म्हणून हें सारें केलें, असें म्हटलें तरी चालेल. त्या उद्यानाभोंवतीं पहिल्या दिवसापासून एक आगगाडी फिरते. तींत आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत कोणीही बसावें.

पण त्या पहिल्या दिवशीं काय झालें तेंही ऐका. खोटीं तिकिटें छापून हजारों माणसें आंत घुसलीं. ऊन कडक होतें. नवा डांबरी रस्ता इतका मऊ झाला कीं स्त्रियांच्या बुटांच्या टांचा त्यांत रुतूं लागल्या. नळकाम करणाऱ्या कामगारांचा संप नुकताच झाला होता. पिण्याच्या पाण्याचे नळ बसवावे कीं शौचकूप पुरे करावे, ह्यांतून दुसरें निवडावें लागलें, आणि लोक पाण्यासाठीं कासावीस झाले. जगांतील सर्वांत मोठ्या कल्पकानें आंखलेली सहलसुद्धां ऊन, पाणी आणि गर्दी ह्या तीन साध्या गोष्टींपाशीं अडली. चुका सुधारल्या, आणि दोन महिन्यांच्या आंत दहा लक्ष माणसें तेथें येऊन गेलीं; पण धडा राहिला.

आपल्या देशांत दिल्लीचें अप्पूघर १९८४ सालीं उघडलें व २००८ सालीं बंद झालें. महाराष्ट्रांत १९८९ सालीं मुंबईजवळ गोराई येथें एस्सेलवर्ल्ड निघालें; लाँचेंत बसून खाडी ओलांडावयाची, ही मुलांना पाळण्याइतकीच मौज वाटे. १९९८ सालीं त्याच्या शेजारीं वॉटर किंगडम झालें, आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका. आमच्या भागांत शेगांवच्या संस्थाननें ह्या शतकाच्या आरंभीं आनंदसागर उभें केलें. तळें, झाडी, ध्यानाची जागा आणि लहान आगगाडी. जत्रा आणि उद्यान ह्यांचा तेथें मेळ घातलेला होता.

असो. इतका इतिहास मला ठाऊक होता. पण ठाऊक असणें वेगळें आणि वागणें वेगळें. सात वर्षांपूर्वीं मे महिन्यांत आम्ही दहा माणसें अशाच एका मोठ्या उद्यानास गेलों. मी पुढारी. तिकिटांचे पैसे पुष्कळ पडलेले; तेव्हां एकही पाळणा चुकतां कामा नये, असा मीं पण केला. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. त्या दारापासून जवळच एका बाकावर बसल्या. प्रत्येकानें आपली पिशवी त्यांच्यापाशीं ठेवली. सकाळीं अकरापासून संध्याकाळीं सहापर्यंत त्या तेथें बसल्या होत्या. मुलें येऊन पाणी पिऊन जात. मीही एकदां चष्मा ठेवण्यास गेलों. त्यांना उठून चार पावलें चालावेंसें वाटलें असेल, हें कोणाच्या मनांत आलें नाहीं. परतीच्या गाडींत सर्वजण आपापल्या गमती सांगत होते. त्या म्हणाल्या, “तुम्ही पाळणे पाह्यले, मी थैल्या पाह्यल्या.” त्यांत राग नव्हता, म्हणूनच तें बोलणें माझ्या मनांत राहिलें. त्यानंतर सहलीचा विषय निघाला कीं त्या म्हणतात, “मी घरींच बरी.”

डिस्ने ज्या बाकावरून उठला, त्या बाकावर मीं माझ्या घरच्या माणसाला बसविलें. म्हणून माझा पहिला नियम असा : सहल आंखतांना आधीं ठिकाण ठरवूं नये, आधीं माणसांची यादी करावी. प्रत्येकाच्या नांवापुढें त्याला काय झेपतें तें लिहावें. कोणाचे गुडघे, कोणाला चक्कर, कोणाला उंचीची भीति. मोठ्या पाळण्यांपाशीं उंचीची खूण असते. त्या खुणेखालच्या मुलाला आंत सोडीत नाहींत. तो मुलगा तेथें गेल्यावर रडण्यापेक्षां घरींच भिंतीपाशीं उभा करून त्याची उंची मोजावी. पुष्कळ ठिकाणीं मुलांचें तिकीटही वयावर नसून उंचीवर असतें. यादींतील प्रत्येक नांवापुढें निदान एक गोष्ट खास त्याची अशी लिहितां आली नाहीं, तर तें ठिकाण त्या कुटुंबाचें नव्हे.

दुसरा नियम बाकाचा. सामान सांभाळण्यास माणूस लागतोच. पण पाळी लावावी, आणि एक तासाहून अधिक वेळ कोणालाही तेथें बसवूं नये. सामान मुळांत कमी न्यावें, म्हणजे पाळीही लहान होते.

तिसरा नियम ऋतूचा. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. खोपोलीकडे आषाढांत पावसाची झोड असते. शाळेची सुटी मे महिन्यांत असली तरी सहल मे महिन्यांतच झाली पाहिजे असें नाहीं. दिवाळीनंतरचे किंवा नाताळाच्या अलीकडचे दिवस निवडावे, रविवार टाळावा. निघण्यापूर्वीं उद्यान चालू आहे कीं नाहीं ह्याची चौकशी त्याच आठवड्यांत करावी. आनंदसागर मध्यंतरीं कांहीं वर्षें बंद होतें, तेव्हां दूरचीं किती कुटुंबें त्याच्या दारावरून परत गेलीं असतील !

चौथी गोष्ट प्रवासाची. रेल्वेचें आरक्षण पूर्वीं चार महिने आधीं करतां येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांची झाली आहे. म्हणजे दिवस निश्चित करून पंचांगावर त्याच्या मागें साठ दिवस मोजावे व तेथें खूण करावी. पांच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळी जागा हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडें पडतें, हेंही हिशोबांत धरावें. रात्रभर प्रवास करून सकाळीं थेट उद्यानांत शिरूं नये. मध्यें एक दिवस विसाव्याचा ठेवावा; लहान मुलें आणि म्हातारीं माणसें ह्यांचा पुढला सारा दिवस त्यावर अवलंबून असतो.

उद्यानांत शिरल्यावर बहुतेक लोक दाराजवळच्या पाळण्यांपाशीं गर्दी करतात. आपण दूरच्या टोंकापासून आरंभ करावा. ज्यावर सर्वांचा डोळा आहे तो पाळणा पहिल्या तासांत उरकावा. गरगर फिरणारे पाळणे जेवणापूर्वीं. जेवणानंतर सावलींतील खेळ किंवा आगगाडी. बाहेरचें अन्न आंत नेऊं देतात कीं नाहीं हें आधीं विचारावें, आणि पिण्याचें पाणी कोठें मिळतें तें पहिल्यानें पाहून ठेवावें. डिस्नेलँडचा पहिला दिवस आठवावा. लहान मुलाच्या खिशांत वडिलांचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. हातांतला फोन दुपारपर्यंत निजतो. चिठ्ठी निजत नाहीं. चुकामूक झाल्यास कोणत्या झाडाखालीं जमावयाचें, तेंही सकाळींच ठरवावें. जत्रेंत आमचे आजोबा देवळाची दीपमाळ दाखवून हेंच सांगत.

आणि शेवटचें. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल करण्याचा पण कोणीही करूं नये. तो पण मीं केला होता. पैसे वसूल झाले; जें वसूल झालें नाहीं त्याचा हिशोब अजून मिटलेला नाहीं.

यंदा मुलांनीं पुन्हां सहलीचा बेत काढला आहे. मीं यादी केली आहे, आणि तींत पहिलें नांव कोणाचें आहे हें आपण ओळखलेंच असेल. त्यांच्या नांवापुढें मीं लिहिलें आहे : लहान आगगाडी, खिडकीजवळची जागा. पिशव्या मी सांभाळणार आहें. त्यांचा होकार अद्याप आलेला नाहीं. त्या ह्या वेळीं घरीं रेडिओपाशीं बसल्या असतील. त्यांनीं हें ऐकलें असेल, तर उत्तर मला घरीं गेल्यावर मिळेलच. आपल्या घरांतही असा एखादा बाक असेल. सुटीपूर्वीं एकदां तिकडे पाहावें, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.