दोष साठीचा नव्हता

आपल्याकडे एक म्हण फार सहज वापरली जाते : साठी बुद्धी नाठी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला, की कुणीतरी हसत ही म्हण टाकतो. मीही टाकली आहे. माझ्या वडिलांना, चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात. म्हणून आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

आमचे श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातले साखर कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, आणि तिच्या कारखान्याभोवती इथली वस्ती वाढली. अब्बा उसाच्या वजनकाट्यावर होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण भरल्या गाडीचे वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन हा हिशेब पेन टेकण्याआधी त्यांच्या तोंडावर असे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, २००३च्या सुमारास, आधी ती वजाबाकी गेली. मग दुकानातली मोड मोजता येईना. मग ते पहाटे उठून डबा मागू लागले. गळीत हंगाम संपून कारखाना बंद असला, तरी त्यांना पाळीचा भोंगा ऐकू यायचा. एकदा भर पावसात ते बंद फाटकाशी उभे सापडले. लोक जमले होते. तिथेच ती म्हण माझ्या तोंडून निघाली.

अब्बांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “पाव्हणं, तुम्ही कुठलं?”

आमच्या घरात दखनी बोलतात. मराठी ही आमची शाळेची, बाजाराची, माझ्या कवितेची भाषा. पण अब्बा माझ्याशी कधी मराठीत बोलले नव्हते. ती ते बाहेरच्या माणसासाठी ठेवत. त्या एका वाक्याने मला कळले, की मी आता बाहेरचा झालो आहे. एका डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, वय झाले. आम्ही ते मान्य केले, कारण म्हणही तेच सांगत होती.

अब्बा गेल्यानंतर मी या आजाराचा इतिहास वाचू लागलो. पहिल्यांदा शब्द पाहिले. हिंदुस्तानीत ‘सठियाना’ म्हणतात, म्हणजे तिथेही साठच. मराठीत ‘म्हातारचळ’ आहे, आणि त्यात तर उघड शिवीच आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, पण तिथे तो क्रोधाचा परिणाम आहे, म्हातारपणाचा नाही. कुराणात दोन ठिकाणी वयाच्या अगदी हलाखीच्या टप्प्याचा उल्लेख आहे, जिथे जाणता माणूस पुन्हा काहीच न जाणणारा होतो. पण तिथे सर्वांना नव्हे, तुमच्यापैकी काहींना ही अवस्था येते, असे म्हटले आहे. हे ‘काहींना’ फार महत्त्वाचे आहे. आपल्या म्हणीतून नेमके तेच गळले आहे.

वैद्यकशास्त्रानेही बराच काळ आपल्या म्हणीसारखीच चूक केली. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारत आणि उत्तरे टिपून ठेवत. ताटात फ्लॉवर होता, काय खातेस विचारले तर ती पालक म्हणाली. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर तेही पुरे होईना. १९०६च्या एप्रिलमध्ये ती वारली. अल्झायमरने तिचा मेंदू चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांसारख्या गाठी होत्या आणि पेशींच्या बाहेर साचलेले डाग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडले. १९१० साली त्याचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

पण बाई होती पन्नाशीतली. त्यामुळे हा साठीच्या आधी होणारा एक दुर्मीळ रोग ठरला. साठीनंतर तेच झाले, तर ते म्हातारपण. ही रेघ साठएक वर्षे टिकली. १९६८ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांचे मेंदू तपासले, तेव्हा विसरत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या मेंदूतही तेच डाग दिसले. १९७६ साली अमेरिकन मेंदूतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी स्पष्ट लिहिले, की ही वाटणी खरी नाही, दोन्हीकडे रोग एकच आहे. म्हातारपण आणि आजार तेव्हा कुठे वेगळे झाले.

आपल्याकडे हे मोजणार कसे, हाही प्रश्नच होता. पाश्चात्त्य चाचणीत वाक्य लिहायला सांगतात, लिहिलेली सूचना वाचून तसे करायला सांगतात. न शिकलेला शेतकरी त्यात नापासच व्हायचा. १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांनी चाचणीच बदलली. लिहिण्याऐवजी तुमच्या घराविषयी काही सांगा, वाचण्याऐवजी मी करतो तसे करा. मुंबईतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००१ साली आले. पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के निघाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांत ते ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज आला. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त दिसले. पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. पण मोठा आकडा धरला, तरी साठीपुढच्या शंभरांतल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना हा आजार नाही. म्हण हिशेबातही चुकते. अब्बांनी ती काट्यावरच परत पाठवली असती.

गोव्यातल्या अभ्यासकांनी २००१ साली नोंदवले, की गावकऱ्यांना ही लक्षणे ओळखीची होती, पण ती म्हातारपणाचाच भाग समजली जात. डॉक्टरकडे जायची गोष्ट आहे असे कुणाला वाटत नव्हते. त्याच गोव्यात पुढे ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. कोकणी बोलणाऱ्या स्थानिक माणसांना आठवडाभर शिकवून घरोघर पाठवले. आजार म्हणजे काय, चिडणाऱ्या माणसाशी कसे वागावे, सांभाळणाऱ्याने स्वतःला कसे जपावे, एवढेच ते सांगत. २००८ साली निष्कर्ष आले. रोग हटला नव्हता, पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता.

हे वाचताना मला अम्मी आठवली. मी बी. ए. झालेला, अब्बांना रोज समजावत असे, की तुम्ही रिटायर झालात. ते चिडत. अम्मी शाळेत गेलेली नव्हती. ती मुकाट्याने डबा भरून द्यायची. अब्बा ओट्यावर बसून जेवायचे आणि पाळी सुटली म्हणून घरात यायचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३च्या चित्रपटात संस्कृतचे विद्वान असलेले एक वृद्ध गृहस्थ हत्तीमागे जाऊन हरवतात. त्यांची विद्वत्ता ठाऊक नसलेली माहुताची बायको त्यांना लेकरासारखे जवळ करते. ती भूमिका पाहताना मला अम्मीच दिसली.

जाता जाता थोडे उपयोगाचे. विसरणे सगळे सारखे नसते. मेंदूत छोटे छोटे झटके येऊन होणारा स्मृतिभ्रंश वेगळा, भास होणारा वेगळा, आधी वागणे बिघडवणारा वेगळा. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली वर्णन केलेल्या कंपवातातही पुढे काहींची स्मृती ढासळते. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, खोल उदासी, पडल्यावर डोक्यात साचलेले रक्त, एवढेच काय एखादे औषधही माणसाला गोंधळात टाकते, आणि यांतले बरेचसे सुधारते. अल्झायमरवर अलीकडे आलेली औषधे सुरुवातीच्या टप्प्यात वेग थोडा कमी करतात, रोग बरा करत नाहीत. मात्र रक्तदाब, साखर, तंबाखू, एकटेपणा यांकडे लक्ष देणे आणि ज्यांचे कान गेले त्यांना यंत्र घेऊन देणे, यांचा उपयोग होतो असे संशोधन सांगते. तेव्हा घरातल्या माणसाची मोड चुकू लागली, रोजची वाट चुकू लागली, तर वय झाले म्हणून थांबू नका. तपासून घ्या.

त्या दिवशी फाटकाशी मी अब्बांना माझे नाव सांगत बसलो. पुन्हा पुन्हा, चिडून. “इथलाच, काट्यावरच्या भाईंचा,” एवढे म्हणालो असतो, तर ते बहुधा माझ्याबरोबर शांतपणे घरी आले असते. त्या भाईंना ते चांगले ओळखत होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)