शून्य नंबरवरच्या बाई

माणसाला ‘मी कोण?’ हा प्रश्न साधारणपणे निवृत्तीनंतर पडतो. टेलिफोनला तो हल्ली रोज पडतो. हे ज्ञान मला कुठल्या मठात झालं नाही. आमच्या बँकेच्या जिन्याखालच्या, झाडू आणि जुने लेजर ठेवायच्या खोलीत झालं.

त्याचं असं झालं. २०१४ साली आमच्या कार्यालयात इंटरनेटवर चालणारे ऐंशी टेलिफोन आले. बरोबर आलेला मुलगा खोकी उतरवून म्हणाला, “यांच्यासाठी एक वेब सर्व्हर उभा करावा लागेल.” साहेबांनी सभोवार पाहिलं. मी पूर्वी एकदा प्रिंटरात अडकलेला कागद ओढून काढला होता. शिवाय मी बी.कॉम. आणि त्यातलं ‘कॉम’ ते डॉट कॉममधलंच, अशी साहेबांची समजूत. (पुढे वाचनात आलं की डॉट कॉममधलं ‘कॉम’ही व्यापाराचंच आहे. साहेब चुकूनसुद्धा चुकत नाहीत ते असे.)

तोवर आमचा टेलिफोन म्हणजे शून्य नंबरवरच्या ऑपरेटरबाई. शून्य फिरवावा, की बाई. “लोनचे साहेब ना? नाहीयेत हो, नातवाचं जावळ आहे. सोमवारी करा, अकराच्या नंतर.” टेलिफोन मुका असायचा, शहाणपण सगळं बाईंकडे.

टेलिफोनचा इतिहास म्हणजे या बाईंना उठवण्याचा इतिहास आहे. बेलसाहेबांनी १८७६ साली टेलिफोन बोलता केला, १८८२ साली मुंबईत एक्स्चेंज आलं. कोणाला कोण हवंय हे मधल्या माणसानं ऐकायचं आणि तारा जोडायच्या, असा तेव्हाचा रिवाज. तो अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थांना मानवला नाही. त्यांचा धंदा अंत्यसंस्काराचा. असं सांगतात, की गावातली ऑपरेटर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि मयताचे सगळे फोन ती नवऱ्याकडे वळवी. स्ट्रोजरांनी चिडून ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधलं आणि १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं. एका माणसाच्या मयतांच्या हिशेबापायी जगभरच्या बाई उठल्या.

मग आवाजाचे तुकडे पाडायची युक्ती आली. १९७४ साली अमेरिकेत डॅनी कोहेन आणि मंडळींनी बोलण्याच्या पुड्या बांधून त्या संगणकांच्या जाळ्यातून पाठवल्या. वाटेत पुडी हरवली तर परत मागवायची नाही, कारण उशिरा आलेल्या शब्दाला संभाषणात किंमत नसते. (हे आमच्या घरी मला वीस वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.) १९९५ साली इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं घरगुती संगणकावरून बोलायची सोय विकायला काढली. आपल्याकडे सरकारनं इंटरनेटवरच्या बोलण्याला १ एप्रिल २००२ रोजी परवानगी दिली. तारीख सरकारनंच निवडलेली, माझा विनोद नव्हे.

१९९९ साली मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या धंद्यासाठी एक्स्चेंज हवं होतं. किंमत परवडेना, म्हणून त्यानं ते संगणकाच्या आज्ञावलीतच लिहून काढलं, नाव ठेवलं अॅस्टेरिस्क आणि जगाला फुकट देऊन टाकलं. आमचं एक्स्चेंज याच जातीचं.

आता वेब सर्व्हर कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. तर हा नवा टेलिफोन जागा झाला की त्याला स्वतःचा नंबरसुद्धा ठाऊक नसतो. ठाऊक असतो फक्त पाठीवर छापलेला बारा अक्षरांचा जन्मखुणेसारखा पत्ता. तो सर्व्हरकडे जाऊन म्हणतो, या पत्त्याच्या नावाची फाइल द्या. फाइलीत त्याचा नंबर, नाव, परवलीचा शब्द. ती वाचून तो माणसात येतो. पूर्वी हे काम १९८१ पासूनच्या टीएफटीपी नावाच्या पद्धतीनं चाले. ती इतकी भोळी, की मागेल त्याला फाइल देई. सही न पाहता पैसे मोजणारा कॅशियरच! परवलीचा शब्द चोराला सापडला, की तो आपल्या खर्चानं परदेशी गप्पा मारणार. म्हणून कुलूपबंद वेब सर्व्हर. आणि गंमत म्हणजे या टेलिफोनची भाषाही वेबवरूनच बेतलेली. घंटा वाजतेय याचा आकडा १८०, माणूस बोलण्यात गुंतलाय याचा ४८६ आणि असा कोणी इथे नाहीच, याचा वेबवरचाच ४०४.

तर ऐंशी फाइली लिहायच्या. कोणत्या टेबलाला कोणता नंबर, याची वही बाईंकडे मागितली. वही नव्हतीच. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या बाई जिन्याखाली स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळे नंबर तोंडपाठ सांगितले. त्या सांगत होत्या, मी टंकत होतो. कोणाची खुर्ची मी काढून घेतोय हे दोघांनाही कळत होतं. मधे त्यांनी चहा मागवला. पैसे त्यांनीच दिले.

पहिल्या दिवशी साहेबांच्या फोनवर ‘कँटीन’ अशी अक्षरं उमटली. पाठीवरचा इंग्रजी बी मी आठ वाचला होता. एका खोक्यातले फोन, पत्ते पाठोपाठचे. एकाची फाइल दुसऱ्याला गेली. सकाळभर साहेबांना कटिंगच्या ऑर्डरी. तिसऱ्या फोनला त्यांनी “साखर किती?” असं विचारल्याचं ऐकिवात आहे. चूक शोधली बाईंनी, चष्मा कपाळावर सरकवून.

“आणि शून्य कोणाला दिलात?” त्यांनी विचारलं.

शून्याची फाइल मी केलीच नव्हती. यादीत शून्य नव्हता. बाईंनी सगळे नंबर सांगितले होते, आपला सोडून.

त्या गेल्यावर महिनाभर शून्य दाबणाऱ्याला ४०४ मिळत राहिला. मग एका शनिवारी मी जिन्याखाली बसून एक ओळ लिहिली आणि शून्य माझ्या टेबलावर आणला. सोमवारी अकराला घंटा वाजली. पलीकडे एक पेन्शनर आजोबा.

“बाई नाहीत का?”

“रिटायर झाल्या, आजोबा. बोला, काय काम होतं?”

“काम काही नाही,” ते म्हणाले. “त्यांना सांगा, माझा मोतीबिंदू नीट झाला. विचारत होत्या.”

मी नंबर शोधला आणि बाईंच्या घरी फोन लावला.