मेणकापड ते मेणचट

तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली अंथरतात ते मेणकापड. आजचं मेणकापड रबराचं नाहीतर प्लास्टिकचं असतं. मेणाचा त्यात मागमूस नाही. पूर्वी कापडाला खरोखरच मेण पाजत, म्हणजे पाणी आत मुरत नसे. हिंदीतला ‘मोमजामा’ हा त्याचाच फारसी भाऊबंद. मोम म्हणजे मेण, जामा म्हणजे वस्त्र.

मेणाचं मूळ संस्कृत ‘मदन’. होय, कामदेवाचंच नाव! प्राकृतात त्याचं ‘मयण’ झालं, मराठीत मेण, गुजरातीत मीण. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असंही म्हणत. मध काढून घेतल्यावर पोळ्याचं जे उरलं ते उच्छिष्ट, म्हणजे आपलं उष्टं. (पालखीसारखा बंद मेणा मात्र या घरचा नाही, तो फारसी ‘मियाना’वरून आला.)

मेणबत्तीतूनही मधमाशी कधीच उडून गेली. तिथे आता पॅराफिन असतं. कार्ल फोन रायशेनबाख या जर्मन रसायनज्ञाने 1830 मध्ये लाकडाच्या डांबरातून ते वेगळं केलं आणि लॅटिनमधून नाव दिलं. ‘पारुम’ म्हणजे थोडं, ‘अफिनिस’ म्हणजे सलगी असलेलं. पॅराफिन सहसा कुठल्या पदार्थाशी रासायनिक सलगी करत नाही, पाण्याशी तर नाहीच. राखणीच्या कामाला असाच तुसडा गडी लागतो. म्हणून कागदाचे पेले, चीजचे गोळे, यंत्रांचे लोखंडी सुटे भाग यांच्यावर मेणाचा थर देतात.

पण सगळीच मेणं सारखी नसतात. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं; त्याच्या खूप आधीच, नुसत्या उन्हाने, ते मऊ पडतं आणि धूळ धरू लागतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून झाडून काढलेलं कार्नोबा मेण 80 अंशांच्या वर वितळतं. ते कडक, म्हणून चकाकीही टिकाऊ. बुटांच्या आणि गाड्यांच्या चांगल्या पॉलिशमध्ये ते मिसळतात ते यासाठीच.

आता ‘मेणचट’ पाहा. फोडणीचं तेल उडून त्यावर धूळ बसली की डब्याची झाकणं मेणचट होतात. चकाकी देणाऱ्या पदार्थावरून मराठीने कळकटपणाचा शब्द घडवला, यात मला विसंगती दिसत नाही. मऊ मेणाचा जाड थर धूळ धरतो, हे हाताला कळलेलं भाषेने नोंदवून ठेवलं.

आज मात्र गॅरेजमध्ये गाडीला ‘वॅक्स’ करतात आणि पार्लरमध्ये हातापायांनाही ‘वॅक्स’च करतात. एकीकडे थर चढवायचा, दुसरीकडे केस उपटायचे! पार्लरमधलं वॅक्स खुशाल तसंच राहू द्या. कपाटाला, गाडीला ‘मेण लावलं’ म्हणायला मात्र काहीच अडत नाही. आणि लावाल तेव्हा पातळ लावा, वाळलं की कोरड्या फडक्याने पुसून काढा.