कोळशाचा शेवट आणि कामगाराची भाकरी



हवामानाचा प्रश्न हा शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हवेत कर्बवायू किती वाढला, पृथ्वी किती तापली, हे सांगणे त्यांचे काम. आणि ते त्यांनी चोख केले आहे. परंतु कोळसा जाळणे थांबवावयाचे म्हटले की लागलीच दुसरा प्रश्न उभा राहतो. कोळसा खणणाऱ्याने उद्यापासून काय करावे? हा प्रश्न प्रयोगशाळेतला नव्हे, कारखान्याच्या दरवाज्यावरचा आहे. आमचे आयुष्य त्या दरवाज्यावर गेले असल्यामुळे त्यावर बोलण्याची मोकळीक आम्ही घेत आहोत. उदाहरणादाखल आम्ही जर्मनीची हकीकत घेतली आहे. ऊन-वाऱ्याच्या विजेचा आग्रह धरणारी जोरदार चळवळ आणि बलाढ्य कामगार संघटना या दोन्ही गोष्टी त्या देशात आहेत, आणि दोघींची गाठ तेथे अनेकदा पडली आहे.

अशी एक गाठ २५ एप्रिल २०१५ या दिवशी पडली. तो शनिवार होता. देशाच्या पश्चिमेस गार्त्सवायलर नावाची तपकिरी कोळशाची अफाट उघडी खाण आहे. तिच्या काठाने काही हजार माणसांनी हातात हात घालून साखळी धरली. कोळसा जमिनीतच राहू द्या, ही त्यांची मागणी. त्याच दिवशी राजधानी बर्लिनमध्ये खाण व वीज कामगारांच्या संघटनेने मोर्चा काढला. संघटनेच्या मोजणीप्रमाणे त्यात सुमारे १५,००० लोक होते. कोळशावर चालणाऱ्या जुन्या वीजकेंद्रांवर जादा आकार बसविण्याची योजना अर्थमंत्री सिग्मार गाब्रिएल यांनी मांडली होती. ती मागे घ्या, ही यांची मागणी. गंमत अशी की हे मंत्री कामगारांच्या परंपरेतून आलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाचेच पुढारी होते. दोन महिन्यांनी योजना मागे पडली, आणि काही जुनी केंद्रे पैसे देऊन राखीव म्हणून बाजूला ठेवावीत, असा तोडगा निघाला. एका बाजूला नातवंडांची चिंता होती, दुसऱ्या बाजूला लेकरांची. यांतले खोटे कोण, असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही. हे दोन जमाव दोन ठिकाणी का उभे राहिले, ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

जर्मनीतली पर्यावरणाची चळवळ कोळशाशी भांडत जन्मली नाही. ती अणुभट्टीशी भांडत जन्मली. ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात व्यूल नावाचे गाव आहे. तेथे अणुवीज केंद्र बांधण्याचे ठरले, तेव्हा फेब्रुवारी १९७५ मध्ये भोवतालचे शेतकरी व द्राक्षबागाईतदार बांधकामाच्या जागेत शिरले आणि तेथे ठाण मांडून बसले. जवळच्या फ्रायबुर्ग शहरातले विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले. ते केंद्र अखेर झाले नाही. या लढ्यातून तयार झालेल्या मंडळींना एक गोष्ट उमगली. नुसते 'नको' म्हणून भागत नाही, 'मग काय हवे' हेही सांगावे लागते. म्हणून १९७७ साली फ्रायबुर्गला त्यांनी एक संशोधनसंस्था काढली. तिने १९८० साली 'ऊर्जेचे वळण' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खनिज तेल आणि युरेनियम यांवाचून समृद्धी कशी येईल, हा त्याचा विषय. त्या शीर्षकात कोळशाचे नाव नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पृथ्वीच्या तापण्याचा मुद्दा लोकांच्या तोंडी अजून यावयाचा होता.

पुढे कायदे झाले. कोणीही ऊन-वाऱ्यापासून वीज केली तर वीजकंपनीने ती घेतलीच पाहिजे, आणि ठरलेल्या दराने घेतली पाहिजे, असा कायदा १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. २००० साली त्याहून भक्कम कायदा आला, आणि त्याने वीस वर्षांपर्यंत दराची हमी दिली. शेतकऱ्याने गोठ्याच्या छपरावर तावदाने बसविली, गावांनी वर्गणी काढून पवनचक्क्या उभारल्या. २००० साली देशाच्या विजेत अशा स्रोतांचा वाटा शेकडा ६ च्या आसपास होता. २०२३ साली तो निम्म्याच्या वर गेला. ही किमया नव्हे; ही हमीच्या दराची आणि चिकाटीची फळे होत. आपल्या शेतकऱ्याला हमीभावाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मात्र या यशाची वर्गणी कोणी भरली, तेही पाहावे. जादा दराचा बोजा अनेक वर्षे ग्राहकांच्या वीजबिलावर होता. विजेचा मोठा वापर करणाऱ्या कित्येक कारखान्यांना त्यात भरघोस सूट होती. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारी विधवा भरीत होती, आणि मोठा कारखानदार सुटत होता. हा आकार जुलै २०२२ मध्ये बिलावरून काढण्यात आला. दुसरे असे की सूर्यविजेच्या धंद्यात २०११ च्या सुमारास एक लाखाहून अधिक लोक काम करीत होते. सरकारी दर घटले, चीनचा स्वस्त माल आला, आणि काही वर्षांतच त्यांतले निम्म्याहून अधिक रोजगार गेले. वीज स्वच्छ आहे म्हणून नोकरी पक्की आहे, असे मुळीच नाही. खाणकामगार नव्या धंद्याकडे संशयाने पाहत होता, त्याला हे कारण होते.

आता कोळशाकडे वळू. या एकाच देशात कोळशाच्या खाणी दोन तऱ्हांनी बंद झाल्या, आणि त्या दोन तऱ्हांत आमच्या विषयाचे सारे मर्म आहे.

पहिली तऱ्हा रूर खोऱ्याची. पश्चिम जर्मनीत १९५७ साली दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांवर माणसे होती, आणि त्यांत रूरचा वाटा मोठा. लगेच पुढच्या वर्षी संकट आले. तेल स्वस्त झाले, परदेशी कोळसा स्वस्त झाला, आणि खाणींच्या तोंडाशी मालाचे डोंगर साचले. सप्टेंबर १९५९ मध्ये सुमारे ६०,००० खाणकामगार काळी निशाणे घेऊन बॉन या तेव्हाच्या राजधानीत गेले. खाणी वाचल्या नाहीत. पण खाणकामगार वाचला. त्याचे कारण १९५१ च्या एका कायद्यात आहे. त्या कायद्याने कोळसा व पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या बाजूला दिल्या. खाण केव्हा बंद व्हावयाची, या चर्चेत कामगार बाहेर घोषणा देत उभा नव्हता, तो आत खुर्चीवर बसला होता. १९६८ साली बहुतेक खाणी एका कंपनीखाली आल्या. मग नेम ठरला की खाण मिटेल, पण माणूस रस्त्यावर जाणार नाही. कोणाला दुसऱ्या खाणीत नेले, कोणाला नवा धंदा शिकविला, वयस्कांना मुदतीआधी निवृत्तिवेतन दिले. बोखुमला १९६२ साली मोटारींचा कारखाना निघाला आणि १९६५ साली विद्यापीठ सुरू झाले. शेवटची खाण बॉट्रॉप येथे २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली, आणि तिचा अखेरचा कोळशाचा ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला.

या हकीकतीला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. या खाणी हवामानासाठी बंद झाल्या नाहीत, परवडेनात म्हणून झाल्या. त्यासाठी सरकारी तिजोरीतून अपार पैसा गेला. बोखुमचा तो मोटारींचा कारखानाही २०१४ साली बंद पडला. खचलेल्या भूमीखालचे पाणी तर कायमचे उपसत बसावे लागणार आहे. तरीही सहा लाखांचा धंदा साठ वर्षांत शून्यावर आला आणि माणसांची धूळधाण झाली नाही, ही इतिहासातली दुर्मिळ गोष्ट होय.

दुसरी तऱ्हा पूर्वेकडच्या लाउझित्स भागाची. तपकिरी कोळशाच्या या मुलखात कम्युनिस्ट राजवटीत १९८९ साली सुमारे ८०,००० लोक काम करीत होते. त्या खाणींनी शंभरावर गावे गिळली होती, आणि त्यांत सोर्ब या अल्पसंख्य स्लाव्ह लोकांची गावे पुष्कळ होती. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, पूर्वेचे कारखाने धडाधड बंद पडले, विजेची मागणी कोसळली. आणि २००० सालापर्यंत ८०,००० चे दहा हजारांच्याही आत आले. तेथे साठ वर्षे नव्हती, दहाच होती. तरुण मुले-मुली पश्चिमेला निघून गेली, मागे म्हातारी माणसे व रिकाम्या चाळी राहिल्या. १९९० नंतर जर्मनीने कर्बवायू कमी केला, असे जे आकडे अभिमानाने सांगितले जातात, त्यांत या कोसळण्याचाही मोठा वाटा आहे. आकाशाच्या खात्यावर जे जमा झाले, ते लाउझित्सच्या खात्यावर नावे पडले होते.

आता २०१५ सालच्या त्या मोर्चाचा अर्थ लागतो. खाणकामगाराला हवामानाचे शास्त्र कळत नव्हते असे नाही. त्याला लाउझित्स आठवत होते.

सरकारने जून २०१८ मध्ये एक आयोग नेमला. त्यात मत देण्याचा अधिकार असलेले २८ सभासद होते. पर्यावरण संस्था, कामगार संघटना, कारखानदार, शास्त्रज्ञ आणि कोळसा-मुलखातले लोक एका मेजाभोवती बसले. शेवटच्या बैठकीच्या दिवशी, २५ जानेवारी २०१९ रोजी, शाळकरी मुलांनी बर्लिनचे रस्ते भरून टाकले. रात्रभर बोलणी चालली आणि पहाटे निर्णय झाला. कोळशाची वीज फार तर २०३८ पर्यंत चालेल. कोळसा-मुलखांना वीस वर्षांत ४० अब्ज युरो मिळतील. ५८ वर्षे उलटलेल्या कामगाराला पाच वर्षांपर्यंत निर्वाहवेतन मिळेल. २७ मते बाजूने पडली. एकच मत विरोधी होते; ते लाउझित्सच्या खाणकाठच्या गावांची बाजू मांडणाऱ्या एका बाईंचे. आमचे गाव वाचेल असे यात कोठे लिहिले आहे, हा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. पर्यावरण संस्थांनी होकार दिला, पण २०३८ ही तारीख फार लांबची आहे, अशी नोंदही केली. जुलै २०२० मध्ये कायदा झाला. त्यात दोन मोठ्या कंपन्यांना मिळून ४.३५ अब्ज युरो भरपाई ठरली. मालकाला भरपाई मिळते यात नवल नाही. कामगाराचे नाव त्याच कागदावर आले, हे विशेष.

पण तारखेची तक्रार पोकळ नव्हती. मार्च २०२१ मध्ये त्या देशाच्या घटना-न्यायालयाने हवामानाचा कायदा अंशतः घटनाबाह्य ठरविला. २०३० नंतरचे ओझे आजच्या तरुणांच्या डोक्यावर ढकलता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. पुढच्याच वर्षी ऱ्हाईनकडच्या खाणपट्ट्यासाठी मुदत २०३० पर्यंत अलीकडे आणली गेली. तरी ल्युत्सेरात हे गाव जानेवारी २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात रिकामे करून खाणीला देण्यात आले. अणुवीज केंद्रे मात्र त्याआधीच मिटत आणली होती, आणि शेवटची तीन १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाली. आधी अणू बंद करावयाचा की आधी कोळसा, हा वाद पर्यावरणवाद्यांच्या घरातही मिटलेला नाही.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. रूरची तऱ्हा माणुसकीची होती, पण तिला साठ वर्षे लागली. आकाश आता साठ वर्षे देणार नाही. म्हणून कामगाराचा कैवार घेऊन जे 'अजून थांबा, अजून थांबा' म्हणतात, मग ते आमच्याच चळवळीतले असोत, ते कामगाराचे हित करीत नाहीत. वेळ ही कामगाराची पुंजी आहे. आज सुरुवात केली तर माणसे हलविण्यास, शिकविण्यास, निवृत्त करण्यास अवधी मिळेल. ती पुंजी उधळली तर एके दिवशी सारे एकदम कोसळेल, आणि ती तऱ्हा लाउझित्सची असेल. तसेच जे पर्यावरणवादी बंदची तारीख मागतात आणि भाकरीची तजवीज 'पुढे पाहू' म्हणतात, ते आपल्याच मागणीला शत्रू गोळा करतात. तारीख आणि तजवीज एकाच कागदावर, एकाच दिवशी लिहिली पाहिजे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे; पण प्रास्ताविकाने चूल पेटत नाही.

हे सारे दूर देशचे आहे, असे कोणी समजू नये. भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत कर्बवायूचा निव्वळ हिशेब शून्यावर आणण्याचे जाहीर केले. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ ही आपली कोळशाच्या विजेची गावे आहेत, आणि चंद्रपूर-यवतमाळकडे खाणीही आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या वर्षांत आणि पुढे गिरण्या मिटल्या, तेव्हा कामगारासाठी मेजाभोवती खुर्ची नव्हती. गिरणगावाच्या जागी मनोरे उठले. ती आपली लाउझित्स होती.

आपली अडचण जर्मनीहून एका पायरीने खालची आहे. तेथे खाणीवरच्या प्रत्येक माणसाचे नाव वहीत होते, म्हणून त्याला निर्वाहवेतन देता आले. आपल्याकडे राख उचलणारा, वाघिणी रिकाम्या करणारा, पट्ट्याखालचा कोळसा झाडणारा ठेकेदाराच्या हाताखाली असतो. त्याचे नाव केंद्राच्या हजेरीपटावर नसते. ज्याचे नाव नाही त्याचे नुकसान कोणत्या आयोगाला मोजता येणार? म्हणून पर्यावरण संस्था आणि कामगार संघटना यांनी मिळून पहिले काम करावयाचे ते हे : कोळशाच्या प्रत्येक गावात जाऊन माणसे मोजावी, ठेकेदाराकडची आणि चहाच्या टपरीवरचीही, आणि त्यांची यादी करावी. केंद्र बंद होण्याची तारीख जाहीर होण्याआधी ही यादी तयार असली पाहिजे.