पडवीतल्या रेघा

आमच्या आजीच्या मागच्या पडवीत, ती बाहेरची असली की बसे त्या कोपऱ्यात, भिंतीवर कोळशाच्या रेघा असत. दर पाळीला एक. रेघ चुकली की दिवस राहिले, इतके सरळ तिचे गणित. आज औषधाच्या दुकानातली पट्टी पाच मिनिटांत निकाल देते. आजीला रेघांखेरीज दुसरा आधार नव्हता. पाचव्या खेपेस त्यांनीही दगा दिला. थोडेसे डाग दिसले म्हणून तिने रेघ ओढली, आणि धाकटी आत्या तेव्हा पोटात होती. गर्भ राहिल्यावरही सुरुवातीस कधीकधी थोडे रक्त दिसते, हे तिला सांगणार कोण?

सांगणाऱ्यांना तरी कोठे सारे ठाऊक होते! सुश्रुताने ऋतुकाळ बारा रात्रींचा मानला. दिवस सरता कमळ मिटावे तशी त्यानंतर योनी मिटते, असे त्याचे म्हणणे. मनूने सोळा रात्री दिल्या. एकोणिसाव्या शतकातले युरोपातले डॉक्टर तर कुत्रीकडे पाहून बसले. ती माजावर येते तेव्हा तिला रक्त दिसते आणि त्याच सुमारास गर्भ राहतो. तर बाईचेही तसेच असणार! ह्याच समजुतीच्या जोरावर १८८३ साली कापेलमान नावाच्या जर्मन डॉक्टराने सल्ला दिला, की पाळी सुरू झाल्यापासून चौदा दिवस आणि पुढच्या पाळीआधी तीन-चार दिवस संयम पाळावा, मधले दिवस निर्धोक. बीज बहुधा ज्या सुमारास सुटते, नेमके तेथेच हे निर्धोक दिवस सुरू होत. त्यांच्या भरवशावर किती पाळणे हलले असतील, देव जाणे.

कोडे सुटले ते १९२४ साली, जपानातल्या नीइगाता शहरी. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडलेल्या बायकांचे बीजकोश डॉक्टर क्यूसाकू ओगिनो निरखीत आणि त्यांच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहत. बीज सुटते ते पुढच्या पाळीआधी बारा ते सोळा दिवस, असे त्यांना आढळले. म्हणजे मोजायचे उलटे, आणि तेही अजून न आलेल्या दिवसापासून! बावीस दिवसांनी पाळी येणारीचे बीज आठव्या दिवसाच्या सुमारासच सुटू शकते, आणि पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत तग धरते. तेव्हा अंगावरून जात असताना संबंध आला तरी गर्भ राहू शकतो.

आत्या जन्मली १९५४ साली. ओगिनोंच्या शोधाला तीस वर्षे झाली होती, मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढल्यालाही तेहेतीस. आमच्या पडवीपर्यंत त्यातले काही पोचले नव्हते. आत्यानंतर आजीची आणखी दोन बाळंतपणे झाली.