डबल बेसच्या तारा कशा निवडायच्या? आधी फोनचा स्पीकर बाजूला ठेवा

ऑर्केस्ट्रात उभं राहून वाजवतात ते माणसाएवढं उंच व्हायोलिनसारखं वाद्य म्हणजे डबल बेस. त्याच्या चार तारांचा चांगला सेट साधारण मिड-रेंज फोनच्या किमतीत जातो. मी पिंपरीत राहतो आणि हे वाद्य वाजवतो. इथे या तारा हाताळून बघायला मिळत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन डेमो बघून ऑर्डर करायची वेळ येते. गडबड नेमकी तिथेच होते.

फोनवर डेमो का फसवतो?

ऑर्केस्ट्रा ट्युनिंगमध्ये चार तारा अशा लागतात: ई 41.2 हर्ट्झ, ए 55, डी 73.4 आणि जी 98. फोनचा छोटा स्पीकर या पट्टीत जवळजवळ मुकाच असतो. तरीही आपल्याला स्वर ओळखू येतो, कारण मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे स्वर ऐकू येतात आणि खालचा मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणजे फोनवर तुम्ही तारेचा फक्त वरचा चकचकीत भाग ऐकता. जी तार तिथे 'क्लिअर' वाटते, ती प्रत्यक्षात कर्कश असू शकते. जी 'दबलेली' वाटते, तिचा खर्ज भरदार असू शकतो. डेमो चांगल्या वायर्ड हेडफोनवरच ऐका. गजाने वाजवलेलं आणि बोटाने छेडलेलं वेगवेगळं ऐका.

तारेच्या आत काय असतं?

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. इतका खालचा स्वर हवा तर तार जड लागते. पण भरीव तार तेवढी जाड केली तर ती सळईसारखी ताठ होईल. म्हणून आत लवचिक गाभा ठेवून त्यावर धातूची पट्टी गुंडाळतात. फरक पडतो तो या गाभ्यामुळे:

- स्टीलच्या दोरीचा गाभा: स्वर पक्का टिकतो. थोमास्टिकची स्पिरोकोअर याच जातीची. छेडल्यावर नाद लांब चालतो, म्हणून जॅझवाल्यांची आवडती. डॅडारिओची हेलिकोअर ऑर्केस्ट्रल गजाचा विचार करून बनवलेली आहे.
- सिंथेटिक गाभा: आवाज गोलसर, आतड्याच्या तारेकडे झुकणारा. पिरास्ट्रोची इव्हा पिराझी हे उदाहरण.
- आतड्याची तार: जुना, उबदार आवाज, पण हवेतल्या ओलाव्याने स्वर सरकतो. आपल्या पावसाळ्यात रोज डोकेदुखी.

गजाने ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल तर पहिल्यांदा ऑर्केस्ट्रासाठी बनवलेला, मध्यम ताणाचा स्टील सेट घ्या.

ऑर्डर करण्याआधी हे तपासा

1. 'सोलो' की 'ऑर्केस्ट्रा'? सोलो सेट एक पूर्ण स्वर वर लावण्यासाठी असतो. तो ऑर्केस्ट्राच्या स्वरात लावला की ढिला पडतो.
2. साइज. 3/4 हे नाव ऐकून लहान मुलांचं वाद्य समजू नका. बहुतेक मोठी माणसं तेच वाजवतात. खुंट्यांकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंतची लांबी मोजा; ती साधारण 105 ते 106 सेंमी असते.
3. बेस गिटारच्या तारा नकोत. स्वर तेच असले तरी त्या या वाद्यासाठी नाहीत.

तारा बदलताना

चारही तारा एकदम काढू नका. आतला लाकडी खांब, म्हणजे साउंडपोस्ट, चिकटवलेला नसतो. तो तारांच्या दाबावर उभा असतो. दाब गेला तर तो पडू शकतो आणि मग कारागीर शोधत फिरावं लागतं. म्हणून एक तार काढा, नवी लावा, मग पुढची.

ट्यूनर अ‍ॅप ई तारेवर गोंधळत असेल तर तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून वाजवा. 82.4 हर्ट्झचा स्वर येईल, तो अ‍ॅपला सोपा जातो.

कानाची खरी परीक्षा

मुंबईत एनसीपीएमध्ये 2006 साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या सीझनमध्ये एकदा जाऊन डबल बेसची रांग प्रत्यक्ष ऐका. तो खर्ज छातीत जाणवतो. एकदा तो अनुभवलात की डेमोमध्ये काय शोधायचं हे कानाला आपोआप कळतं, आणि तेवढ्या पैशांचा सेट कपाटात पडून राहत नाही.